गिरिजा अक्षरांतली घाण

कागद वाचून झाल्यावर देविदास गित्ते उठले, खिडकीशी गेले आणि खालच्या कोरड्या गटारात थुंकले.

एरवी तोंडातली ओलसुद्धा जपून वापरावी असा तो दुष्काळ. लातूरला जिल्ह्याचं नाव लागून चार वर्षं झाली होती. कलेक्टर आले, पाट्या आल्या, नव्या कचेऱ्यांना रंग लागला; पाणी तेवढं टँकरनं यायचं, तेही आलं तर. पण काही घाण अशी असते, की थुंकल्याशिवाय जीवाला चैन पडत नाही.

"हे माणसानं केलंय अक्का? डुकराला हात असते तर त्यानंसुद्धा लाज बाळगली असती!"

"बसा देविदासराव," नीलाबाई हालकुडे म्हणाल्या. "थुंकून चोर सापडला असता तर पोलीस खात्यानं तंबाखूच वाटली असती."

नीलाबाई स्वतः त्या खात्यात बरीच वर्षं काढून, साहेबाच्या तोंडावर टोपी ठेवून बाहेर पडलेल्या. गंजगोलाईत तेलाच्या दुकानावर खोली घेऊन त्यांनी खाजगी तपासाची पाटी लावली होती. देविदासराव एसटीतले निवृत्त कंडक्टर. माणूस सोन्यासारखा, पण डोकं पॅसेंजर गाडीचं; प्रत्येक थांब्यावर थांबल्याशिवाय पुढं सरकायचं नाही.

समोर गिरिजा प्रेसचे मालक बसलिंगप्पा उदगिरे बसले होते. कपाळाला पट्टी होती. आदल्या संध्याकाळी लोकांनी प्रेसवर दगड फेकले, त्यातला एक त्यांना लागला होता.

"अक्का, मी छापलं न्हाई ते," ते कळवळून म्हणाले. "पण कोण ऐकून राहिलंय? ही गिरिजा वळणाची अक्षरं सगळ्या मुलखात माझ्याकडंच हायेत. ज्याची अक्षरं त्याचा गुन्हा, असं म्हणायलेत."

कागद भिकार गुलाबी, पण घडण लग्नपत्रिकेची. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी सुरुवात, आणि खाली जगदेवीचं नाव मोठ्या अक्षरांत तीन वेळा. तिचं लग्न 'समस्त टँकरवाल्यांशी' लागणार असल्याचं त्यात म्हटलं होतं, आणि पुढं जे होतं ते इथं सांगायची आमची तरी हिंमत नाही. हे कागद निलंग्याच्या एसटी स्टँडवर आणि लातुरात जिल्हा परिषदेच्या दारावर चिकटवले होते.

जगदेवी ही गुंडप्पा मास्तरांची मुलगी. नव्या जिल्हा परिषदेत पाणीपुरवठ्याच्या टेबलावर बसायची, टँकरच्या फेऱ्या तपासायची. पुढच्या आठवड्यात तिचं लग्न होतं. मुलगा निलंग्याचे आडत व्यापारी शरणप्पा बिराजदार यांचा, नाव रेवणसिद्ध. आता निलंग्याहून निरोप आला होता, 'विचार करावा लागेल.' त्या निरोपानंतर बाकीची दुनिया काय म्हणेल ते सांगायला ज्योतिषी नको. पोरीच्या नावाचा हा डाग धुतला गेला नाही, तर ना लग्न, ना नोकरी; दोन्हीकडून ती जायची.

"छपाई तरी कसली दरिद्री," देविदासराव कागद चिमटीत धरून म्हणाले. "पोरीच्या नावातल्या 'ग'ची शेपटी तुटलेली. तिन्ही ठिकाणी!"

"तुमच्या तोंडात साखर पडो," नीलाबाई म्हणाल्या आणि भिंग काढलं. साखर कशाबद्दल, हे देविदासरावांना कळलं नाही.

प्रेसमध्ये काचांचा खच पडला होता. बसलिंगप्पांनी गिरिजाचे खण उघडले तेव्हा मात्र त्यांचा आवाज बदलला.

ही अक्षरं त्यांच्या वडिलांनी, चंद्रप्पांनी, काढलेली. हैदराबादेत त्यांनी परदेशी अक्षरांचं एक पुस्तक पाहिलं होतं: उभी रेघ चांगली भरदार, आडवी केसासारखी, आणि टोकं धारदार. म्हाताऱ्यानं तोच डौल आपल्या अक्षरांत आणला. पुण्यात छपाईचे शिशाचे खिळे पाडून घेतले, एकदाच. पुढं तो कारखाना बंद पडला आणि साचे मोडीत गेले. गिरिजा हे बसलिंगप्पांच्या आईचं नाव.

"लग्न, बारसं, मठातलं आमंत्रण, एवढ्यालाच वापरतो," बसलिंगप्पा म्हणाले. "गुळगुळीत कागद पायजे, शाई बेतानं पायजे, दाब हलका पायजे. भिकार कागदावर ती बारीक रेघ शाई पिऊन फुगते. हँडबिलाला म्या कधीच हात लावू दिला न्हाई. पैठणी नेसून कुणी शेण काढतं का?"

"मोठ्या मापाचे खिळे किती आहेत? 'ज'चे?"

"तीन."

"'ग'चे?"

"दोन. मोठं माप महाग. नावापुरतं घेतलेलं."

दगडी पाट्यावर जगदेवीच्या लग्नपत्रिकेची जुळणी, म्हणजे ओळीत लावलेले खिळे, दोऱ्यानं बांधून ठेवलेली होती.

"ही सोडली नाही अजून?"

"शरणप्पा शेट म्हणले, आणखी लागतील, राहू द्या. आधी गुंडप्पा मास्तरांच्या छापल्या. मागून शेटनी आपल्या वेगळ्या छापून घेतल्या, जाड पुठ्ठ्यावर. मी लई कुरकुर केली. जाड पुठ्ठ्याला दाब लागतो, खिळ्याची हाडं मोडतात. अन् झालंच तसं, एकाचा टवका उडाला. बदलतो म्हणलं, तर शेट म्हणले, कोण बघतंय, हाणा."

"वाया गेलेल्या पत्रिका?"

"चुलीत. देवाचं नाव असतं त्याच्यावर."

नीलाबाई त्या बांधलेल्या शिशावर वाकून भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या. देविदासरावांनीही बघितलं. त्यांना उलटी अक्षरं दिसली आणि मान दुखली.

पहिला संशय साहजिकच टँकरच्या ठेकेदारावर, लिंबाजीवर होता. जगदेवीनं त्याच्या खोट्या फेऱ्या कापल्या होत्या. गावात हेच चाललं होतं, की लिंबाजीनं सूड उगवला आणि बसलिंगप्पानं पैसे खाल्ले.

लिंबाजी टँकरच्या सावलीत बनियनवर बसला होता.

"हाव, शिव्या दिल्या म्या तिला. तोंडावर दिल्या. पण असल्या कागदात मी माझ्याच ड्रायव्हरांना घालीन का? घरात पोरीबाळी हायेत माझ्या. बायको चांगुणाबाई त्या दिवसापासून बोलून न्हाई राहिली माझ्याशी!"

त्याच्या केबिनमध्ये जगदेवीच्या लग्नाची पत्रिका खिळ्याला अडकवलेली होती. गुंडप्पा मास्तरांनी त्याला शाळेत शिकवलेलं, म्हणून आमंत्रण. नीलाबाईंनी ती हातात घेतली.

"काय सुरेख अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "'ग'ची शेपटी बघा, केस ओढल्यासारखी."

बाहेर आल्यावर देविदासराव म्हणाले, "अक्का, आपण चोर शोधायलोत का शेपट्या?"

दुसरा संशय धोंडप्पावर. हा गिरिजा प्रेसचा जुना जुळारी, खिळे जुळवण्यात हात बसलेला. पण पिऊन येतो म्हणून दिवाळीत काढून टाकलेला. तो रेणापूरला सासुरवाडीत पडून होता. कागद बघितल्याबरोबर त्याची उतरली.

"हे म्या जुळवलं म्हणता? मला जोड्यानं मारा, पण असं म्हणू नका! बघा ना, वरची रेघ कशी नाचायली. एक अक्षर वर, एक खाली. शिशाचे खिळे एका उंचीचे असतात बाई, नाचायचं म्हणलं तरी नाचत न्हाईत. मी पिऊन जुळवलं तरी याहून सरळ येतं."

"शाबास," नीलाबाई म्हणाल्या.

"म्हणजे मी सुटलो?"

"दारूतून नाही."

तिसऱ्या दिवशी ते निलंग्याला गेले. सबंध रस्त्यानं बायका रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या दिसत होत्या. शरणप्पांचा वाडा नव्हे, नवं सिमेंटचं घर होतं. शेट बाहेर आले. कपाळभर भस्म, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, चेहऱ्यावर सुतक.

"शांतम्मा, पाणी आणा!" त्यांनी हाक दिली. "पोटभर प्या. आमच्या घरी पाण्याला नाही म्हणत नाहीत, दुष्काळ असो का काही असो."

देविदासरावांनी तांब्या रिकामा केला. त्या उन्हाळ्यात निलंग्याच्या बोअरचं पाणी खारट, मचूळ. जिभेवर राख टाकल्यागत. हे गोड होतं. किती दिवसांनी असं पाणी घशाखाली गेलं! त्यांनी शेटना मनापासून दुवा दिली.

"तो कागद निघाल्यापासून आम्ही कुठं तोंड दाखवलं न्हाई," शेट म्हणाले. "त्याच्या आधीबी महिनाभर गाव सोडलं न्हाई, लग्नाची गडबड. पोरगी चांगली असंलबी. आम्ही काय म्हणतो का? पण समाज हाय. साखरपुडा झालेला. आपण होऊन मोडलं तर उद्या आमच्या घरी कोण पोरगी देईल? आता शिवानंच काय ते बघावं."

"लातूरचे इंजिनिअरसाहेब तर त्यांच्या मुलीचं म्हणत होते..." शांतम्मा दारातून बोलल्या.

"तुम्ही आत जा!" शेट गरजले, आणि लगेच मऊ झाले. "आले होते असेच. नव्या वसाहतीत बंगला हाय त्यांचा. ओळख हाय."

"तुमच्या पत्रिका वाटून झाल्या?" नीलाबाईंनी विचारलं.

शेट दुखावल्यासारखे झाले. "एक न्हाई! आमच्या घराची रीत हाय. स्वामींच्या हातून पूजा झाल्याबिगर पत्रिका उंबऱ्याबाहेर जात न्हाई. प्रेसमधून आल्या त्या थेट देवघरात, कुलपात. किल्ली माझ्या कडदोऱ्याला. तुमच्या मास्तरांसारखं नव्हं, आल्या की वाटल्या."

दाखवायला म्हणून त्यांनी एक आणली, पण हातातून सोडली नाही. नीलाबाईंनी भिंगातून पाहिली आणि नमस्कार केला. दाराशी नवरामुलगा रेवणसिद्ध खाली मान घालून उभा होता. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. देविदासरावांना त्याची कीव आली. लग्नाच्या तोंडावर बिचाऱ्याचं हे असं.

एसटी स्टँडवर नीलाबाई म्हणाल्या, "उद्या तुम्ही नांदेडला जा. जस्ताचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे करणारे आहेत, त्यांना हा कागद दाखवा. लातूरचा ब्लॉकवाला उन्हाळा लागताच बंद पडला. जस्त तेजाबात टाकलं की धुवायला धो धो पाणी लागतं. ते गोदावरीकाठीच मिळायचं."

"ब्लॉक तर फोटोचे करतात अक्का."

"फोटो कशाचाही निघतो."

देविदासराव संध्याकाळी नांदेडहून परतले ते तोंड कडू करून. वजिराबादेतल्या एका ब्लॉकवाल्यानं कागद ओळखला होता. निवडणुकीची गंमत आहे, असं गिऱ्हाईक म्हणालं. दाम दुप्पट मिळाला. छापूनही शेजारीच दिलं.

"वाचलं न्हाई का म्हणलं, तर म्हणतो, आम्हाला काय, आम्ही उलटं बघतो. दोघं होते म्हणे. एक म्हातारा, तोंडाला मफलर. एक तरणा. एक तुकडा निघाला तो तरण्यानंच बसून चिकटवला, बोटातून रगत येत होतं त्याच्या. अन् जाताना नळाचं पाणी कॅन भरभरून नेलं. हरामखोर कुठले!"

"आता सगळ्यांना प्रेसमध्ये बोलवा," नीलाबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी सगळे जमले. गुंडप्पा मास्तर कोपऱ्यात, टोपी हातात घेऊन. जगदेवी त्यांच्या शेजारी, काळीसावळी, ताठ. डोळ्यांखाली काळं धरलेलं. लिंबाजी, धोंडप्पा, बसलिंगप्पा. शरणप्पा शेट मुलाला घेऊन आले होते, कारण निरोप 'प्रेसवाल्याचा निकाल लावायचा आहे' असा होता.

"बसलिंगप्पांनी हे छापलं असतं," नीलाबाईंनी सुरुवात केली, "तर खिळे जुळवून छापलं असतं. खिळा म्हणजे शिशाचा तुकडा. एक तुकडा एका वेळी एकाच जागी बसतो. मोठ्या मापाचे 'ग' प्रेसमध्ये दोन आहेत. एक त्या बांधलेल्या जुळणीत अडकलेला. खणात उरला एक. या घाणीत मोठे 'ग' तीन आहेत."

नीलाबाईंनी गुलाबी कागद पाट्यावर पसरला.

"बरं, तिन्हींची शेपटी एकाच जागी, एकसारखी तुटलेली. देविदासरावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तीन वेगळे खिळे एकसारखे तुटत नाहीत. म्हणजे एकाच तुटक्या खिळ्याचे तीन छाप तीन पत्रिकांवरून कापले, कागदावर चिकटवले, आणि त्याचा फोटो काढून ब्लॉक केला. म्हणून वरची रेघ नाचते. धोंडप्पा खरं बोलला, शिसं नाचत नाही. डिंकानं चिकटवलेला कागद नाचतो. आणि ज्याच्या हाती प्रेस आहे तो कात्री कशाला घेईल?"

"मग कोण?" लिंबाजी पुढं सरकला.

"तुटका 'ग' कुठल्या पत्रिकेत आहे ते बघा. तुमच्या केबिनमधली मास्तरांकडची. तिच्यात 'ग' धड. टवका उडाला तो दुसऱ्या खेपेला, जाड पुठ्ठ्यावर छापताना. काढा हो बसलिंगप्पा, एक छाप."

बसलिंगप्पांनी बांधलेल्या जुळणीवर शाईचा हात फिरवला, कागद दाबून उचलला. जगदेवीच्या नावातला 'ग' शेपटी तुटलेला होता, गुलाबी कागदातल्यासारखाच.

"असल्या पत्रिका फक्त एका घरी गेल्या. वाया गेल्या त्या चुलीत गेल्या. आणि त्या घरातून एकही बाहेर पडली नाही, कुलपात आहेत, किल्ली कडदोऱ्याला आहे. हे मी म्हणत नाही. शेट, तुम्ही म्हणालात."

शरणप्पांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओलं व्हायला लागलं.

"महिनाभर गाव सोडलं नाही म्हणालात, आणि निलंग्यात गोदावरीचं पाणी पाजलंत. मोठेपणा मिरवायचा होता ना? नांदेडचा ब्लॉकवाला ओळख पटवायला तयार आहे. इंजिनिअरसाहेबाची मुलगी करायची होती, पण साखरपुडा तुम्ही मोडला तर समाज तोंडात शेण घालेल. म्हणून ते शेण मुलीच्या तोंडात घातलंत. टँकरचं नाव घातलं की संशय लिंबाजीवर, गिरिजाची अक्षरं घेतली की बसलिंगप्पांवर. तुमच्या अंगाला काही लागायचं कारण नव्हतं."

देविदासरावांना निलंग्याचं ते गोड पाणी आठवलं. त्यांनी त्या घरी तांब्याभर पाणी पिऊन दुवा दिली होती. दुवा! ज्या पत्रिकेवर देवाचं नाव, तिच्यातून सुनेचं नाव कापून माणूस असलं काही चिकटवतो, आणि उरलेल्या गठ्ठ्याला स्वामींच्या पूजेसाठी कुलूप लावतो!

जगदेवीचं लक्ष शेटकडे नव्हतं. ती रेवणसिद्धाकडे बघत होती, त्याच्या चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडे.

"माझं नाव तुम्ही कापलं?"

तो चुळबुळला. "अप्पा म्हणले... मला काय वाचायचं नव्हतं. मी नुसतं चिकटवलं."

"ब्लेडनं?"

त्यानं मान हलवली.

लिंबाजीनं इतकी अस्सल शिवी दिली, की बसलिंगप्पांनी कानावर हात ठेवले. आणि तेवढ्यात शरणप्पा शेट हसले. खरंच हसले. चूक झालेला व्यापारी नमुना परत घेताना हसतो तसं.

"झालं गेलं गंगेला मिळालं," ते म्हणाले. "पोरीत खोट न्हाई हे आता सगळ्यांम्होरं ठरलं. उत्तम झालं! मास्तर, लग्न ठरल्या दिवशी लावू. कागदाचं मी बघतो, दोन दिवसांत लोक विसरतात. पोलीसबिलीस नको, दोन्ही घरांची अब्रू हाय. काय?"

देविदासरावांना वाटलं, आता मास्तर याच्या मुस्कटात देतील. ते वाट बघत राहिले.

गुंडप्पा मास्तर उठले. टोपी डोक्यावर ठेवली. शेटसमोर जाऊन त्यांनी दोन्ही हात जोडले.

"शेट, उपकार होतील," ते म्हणाले. "हळद दळून ठेवलीय. एवढं लग्न तेवढं मोडू नका."

प्रेसमध्ये शाईचा वास होता आणि उकाडा होता. धोंडप्पानं तोंड फिरवलं. नीलाबाईंनी भिंग पिशवीत ठेवलं; कुणाकडे बघावं ते त्यांनाही सुचेना. देविदासरावांना शेटची किळस आली होती, ती सहन होणारी होती. हे बघवेना.

जगदेवी पुढं आली. तिनं वडिलांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले आणि एकमेकांपासून सोडवले. जोर लावावा लागला, इतके ते घट्ट होते.

"अण्णा," ती म्हणाली, "त्या कागदानं मी मेले नव्हते."

मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. तिनं त्यांचा एक हात सोडला नाही.

"नीलाताई, ठाण्यात फिर्याद मीच द्यायची ना?"

"तूच द्यायची."

"चला मग," जगदेवी म्हणाली, आणि वडिलांना धरून पायऱ्या उतरायला लागली.